मागून येणारा आकडा

राष्ट्रीय उद्यानातल्या त्या तळ्यावर पक्षी मोजायची पद्धत ठरलेली. एकाने दुर्बिणीला डोळा लावून आकडा सांगायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून तोच आकडा मोठ्याने म्हणत लिहायचा. मोजणाऱ्याने मान वळवायची नाही. वळवली की थवा गेलाच हातचा! वीस वर्षं वनरक्षक मोजायचा आणि त्याचे दाजी लिहायचे. गेल्या हिवाळ्यात दाजींची होडी रिकामीच काठाला लागली. दाजी काही सापडले नाहीत. तेव्हापासून ताईचं एकच मागणं, "आहेत की गेले, एवढं नुसतं कळू दे रे."

यंदा लिहायला कुणी मिळेना. "दोन हात आहेत की मला," म्हणत वनरक्षक उजाडता उजाडता एकटाच निघाला.

आणि तळं काय दिसत होतं, अहाहा! धुकं हळूहळू वर उठत होतं, पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा उभा, मधे बदकं निवांत डुलत होती. वीस वर्षं बघूनही त्याचं मन भरलं नव्हतं. इतकं देखणं पाणी माणूस गिळतंच कसं, याचा त्याला रागच आला.

त्याने डोळा लावला. सवयीने तोंडातून निघालं, "बेचाळीस."

"बेचाळीस," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याची मान वळता वळता राहिली. ओल्या शेवाळाचा वास येत होता. भीती वाटली, खोटं कशाला बोला! पण वळलो आणि मागे कुणीच नसलं तर, ही भीती त्याहून मोठी होती.

"सतरा..."

"सतरा..."

अख्खं तळं असंच मोजून झालं. मग धीर करून तो पुटपुटला, "दाजी... ताईला काय सांगू?"

काठाशी पाणी वाजलं. मग अगदी कानाजवळ, "मी सांगतो."

तो गर्रकन वळला. कुणी नव्हतं. तसाच धावत सुटला तो थेट ताईच्या घरी.

ताई पायरीवर बसली होती. डोळे रडून लाल, चेहरा मात्र शांत.

"आत्ताच येऊन गेले रे," ती म्हणाली. "गेलो मी, आता वाट बघू नकोस म्हणाले."

वनरक्षक तिच्याशेजारी पायरीवर बसला. वर्षभराने त्याला मोकळं रडू आलं.

"आणखी काय म्हणाले?"

"तुझंच विचारत होते. उद्यापासून तुझ्या जागी तळं कोण मोजणार, म्हणे."