तबकडीतला घास

धुणं वाळत घालून सूनबाई कॉम्प्युटरसमोर बसली तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. काम म्हणाल तर साधंच. सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या सासूबाईंच्या आवाजातली प्रार्थना एका डीव्हीडीवर उतरवायची आणि सासऱ्यांच्या उशाशी असलेल्या प्लेअरमध्ये लावायची.

सासऱ्यांना दिसत नव्हतं. रोज प्रार्थना ऐकत ते जेवायचे. तीन दिवसांपूर्वी जुन्या डीव्हीडीला चीर गेली आणि त्यांनी अन्नच सोडलं. फोनवरून ऐकवलं तर "ही नव्हे, ही नव्हे" म्हणून त्यांनी हात झटकला. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या नाकातून नळी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सूनबाईनेही नेम धरला होता: त्यांनी घास घेतल्याशिवाय आपणही पाण्यावरच राहायचं. देव काही निर्दय नाही, एवढा तिचा विश्वास.

घरात डीव्हीडी एकच होती, पुसून पुन्हा लिहिता येणारी. दिराने ती कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्याच्या भंगारातून आणलेली. हातात घेताच बोटांना काहीतरी चिकटलं. तिने ती तीनदा पुसली, तरी उष्ट्या ताटासारखा बुळबुळीतपणा जाईना.

आधी आत काय आहे ते तिने लावून पाहिलं. पडदाभर एक तोंड. ना डोळे, ना कपाळ. नुसतं चावत असलेलं, पांढरा लगदा या गालातून त्या गालात फिरवणारं, कोपऱ्यातून फेस गळणारं तोंड. तिने पदर नाकाला लावला आणि ते बंद केलं. तेवढ्यात दिराचा फोन आला.

"वहिनी, कमांड लिहायची ती काळी खिडकी उघडलीत ना? आता मी सांगतो तसं टाइप करा."

"भावजी, ही घाण आधी पुसायची कशी ते सांगा. मला मळमळतंय."

"तीन दिवस उपाशी राहिल्यावर मळमळणारच! ब्लँक लिहा, म्हणजे पुसलं जाईल. पुढे फास्ट किंवा ऑल. ऑलला तासभर लागतो."

तासभर? बाबांचे ओठ सुकून पापडी धरत होते. तिने फास्ट लिहिलं. मिनिटभरात काम झालं. मग प्रार्थना उतरवली आणि आधी आपणच कान देऊन ऐकली.

सासूबाईंचा आवाज आला, तोच गोड, किंचित कापरा. पहिली ओळ झाली, त्यांनी श्वास घेतला... आणि त्या श्वासाच्या जागी आवाज आला. मचमच. मचमच. मग गिळल्याचा आवाज. दुसऱ्या ओळीनंतर तो आणखी जवळ आला, जिभेने टाळू चाटल्यासारखा.

"भावजी... पुसलं तरी तो चावणारा आत आहेच."

"फास्ट केलंत? अहो, त्याने नुसती दारावरची पाटी निघते. आतला माणूस तसाच राहतो. ऑल करा. त्याला बाहेरच काढा."

तिने ऑल लिहिलं. पडद्यावर आकडे संथपणे चढू लागले. दहा टक्के. बारा. यंत्र कण्हत होतं. तीस टक्क्यांना वास आला, न घासलेल्या तोंडाचा, दातांत दिवसभर कुजलेल्या अन्नाचा. तिने खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. वास उदबत्तीत कालवला गेला आणि जास्तच ओकारी आणू लागला. साठ टक्क्यांना ट्रेच्या फटीतून काहीतरी ओघळलं. तिने फडक्याने टिपलं. कोमट होतं... तार धरणारं. तिने हात साबणाने पाचदा धुतले, पण उठून गेली नाही. ओठांवर देवाचं नाव होतं आणि नजर आकड्यांवर. शंभर टक्के झाले तेव्हा पाऊण वाजला होता.

या वेळी प्रार्थना निर्मळ उतरली. श्वास आला तो सासूबाईंचाच. सूनबाईचे डोळे भरून आले.

तिने सासऱ्यांना उशीला टेकवून बसवलं, मांडीवरच्या पाटावर दुधात कुस्करलेल्या पावाचा वाडगा ठेवला, हातात चमचा दिला आणि प्लेअर लावला. पहिल्याच ओळीला म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"आली गं... आली ही."

"जेवा बाबा. मी अजून थोडं दूध गरम करून आणते."

स्वयंपाकघरात दूध तापायच्या आतच तिला तो आवाज ऐकू आला. प्रार्थनेच्या जोडीने, भुकेल्या माणसाच्या घाईने चाललेला. मचमच, गिळणं, पुन्हा मचमच. चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही. इतर वेळी तिला शिसारी आली असती. आज तिने तिथेच हात जोडले. नळी टळली. देवाने ऐकलं!

ती दुधाचं भांडं घेऊन खोलीत आली.

सासरे तोंड उघडं ठेवून वाट पाहत बसले होते. ओठ कोरडे, चिरलेले. हातातला चमचा स्वच्छ, कोरडा.

"सूनबाई, वाढतेस ना गं? हिचा आवाज ऐकला आणि कडकडून भूक लागली बघ."

पाटावरचा वाडगा लख्ख चाटलेला होता. त्याच्या काठापासून पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत लाळेची एक जाड तार ताणलेली होती. मध्ये झोळ पडला होता, पण ती अजून तुटली नव्हती.