तीन गाठी

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली आणि बुटांच्या कारखान्यातली यंत्रं एकेक करून गप्प झाली. इथल्याच एका जुन्या कारागिराची धाकटी लेक न्यायालयाचा कागद घेऊन मुकादमापुढे उभी होती. न विकलेला माल तपासायला तिला तासाभराची परवानगी होती. सुनावणी उद्यावर आली होती.

तिच्या बाबांना सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर एका सकाळी दारातूनच परत पाठवलं होतं. शेवटच्या चार महिन्यांचा पगारही बुडवला. मालकाचं म्हणणं, हा माणूस चार महिने आधीच स्वतःहून यायचा बंद झाला. बघा, हजेरीपट कोरा आहे. बाबांनी दावा लावला आणि तीन आठवड्यांत ते वारले. दूर देशी कायदा शिकणारी धाकटी परतली ती तोच दावा पुढे लढायला, खरं ते सिद्ध करता येतंच अशा हट्टाने.

"हजेरीपटात नाही ते बुटांत कुठून सापडणार, पोरी?"

"बाबांची गाठ सापडेल, काका."

हाताने शिवणारा प्रत्येक कारागीर टाचेच्या अस्तराखाली शेवटचा दोरा आपल्या रीतीने बांधतो. बाबांच्या तीन गाठी, मधली उलटी. लहानपणी त्यांच्या बाकाखाली बसून तिने त्या हजारदा पाहिल्या होत्या. मेणाचा आणि कातड्याचा वास अजून तसाच होता. बाबा दोऱ्याने तिची पावलं मोजायचे आणि चिडवायचे, "डावा पाय जरा पुढेच पळतोय तुझा. शिकून आलीस की या आगाऊ पायाला जोड शिवीन."

तिने अस्तरं उचलायला सुरुवात केली. तीन गाठी. शेजारी कारखान्याचा तारखेचा शिक्का. त्याच चार महिन्यांतला. मग दुसरा जोड, तिसरा... अकरा जोड निघाले.

मुकादमाने मान खाली घातली. "मला ठाऊक होतं गं. पण माझी नोकरीची अजून तीन वर्षं आहेत इथे."

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला हातोडी वाजली. टक्... टक्...

"सगळे जेवायला गेलेत ना?"

"गेलेत." त्याने तिकडे पाहिलं नाही. "तिथे नवा माणूस टिकत नाही. बाक गरम लागतं म्हणतात..."

ती तिकडे पोचली तेव्हा आवाज थांबला होता. बाबांच्या बाकावर धूळ होती. धुळीत एक नवा काळा जोड, बायकी मापाचा. तिने अस्तर उचललं. तीन गाठी, मधली उलटी. शिक्क्यावर उद्याची तारीख.

"काका, शिक्का कुठे असतो?"

"माझ्या कपाटात..." मुकादमाचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. "कुलपात."

धाकटीने चप्पल काढली आणि डावा पाय आत घातला. बूट तंतोतंत बसला. पुढे पळणाऱ्या त्या आगाऊ पायालाही जागा सोडलेली. आतलं कातडं ऊबदार होतं, कुणी आत्ताच हात बाहेर काढल्यासारखं.