मुलुंडहून निघाल्याची तारीख

छपन्न सालच्या जानेवारीत, मुलुंडला पाच रस्त्यापाशी, एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारात एक जीप येऊन बंद पडली. बंद पाडली नव्हती, खरोखरच बंद पडली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे लोकांनी त्यावर बराच संशय घेतला. आतून एक उंच, सावळा तरुण उतरला. त्याने बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत पाहिलं, बॉनेट बंद केलं आणि मग वरची पाटी वाचली.

इन्स्टिट्यूट अण्णा परचुऱ्यांची. घराचीच पुढची खोली, त्यात पाच मशीनं. अण्णा मुलांना शिकवत आणि त्यांची मुलगी उत्तरा बाहेरची कामं घेई. बावीस वर्षांची होती. बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ.

"इथे चार प्रती निघतात का?" त्याने दारातूनच विचारलं.

"निघतात. चौथी वाचता येत नाही."

"चौथी कोण वाचतं?"

"ज्याला नाही म्हणायचं असतं तो."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा. त्याने पुढे केलेला फॉर्म उत्तराने दोन बोटांत धरला, कारण त्यावर ऑइलचे डाग होते. मार्तंड देवस्थळी, वय सव्वीस, भांडुपच्या एका कारखान्यात सुपरवायझर. जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात दोन वर्षं शिकायची जागा मिळाली होती, एक जूनला हजर व्हायचं होतं. चारचौघांसारखं बोटीने जायचं सोडून या पठ्ठ्याला लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जीपने जायचं होतं — क्वेट्टा, झाहिदान, इराणचं वाळवंट, बगदाद आणि तिथून पुढे.

"प्रवासाचा उद्देश?" तिने विचारलं.

"वाळवंट बघायचंय."

तिने मान वर केली. "असं टाइप केलं तर ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील तुम्हाला."

"मग तुम्ही काय टाइप कराल?"

"शिक्षण. शिक्षणाला कोणी नाही म्हणत नाही."

म्हणाली आणि लगेच पुढच्या ओळीत चुकली. चारही कागद बदलावे लागले. तिचं असं सहसा होत नसे.

आता परवान्यांची तऱ्हा ऐका. पहिल्या देशाची वकिलात म्हणते, आधी पुढच्याचा शिक्का आणा. पुढची म्हणते, त्याच्या पुढच्याचा आणा. म्हणजे जायचं इकडून आणि शिक्के गोळा करायचे तिकडून. तिसरा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. आणि सगळ्यांच्या शेवटी वाळवंटातल्या रस्त्याचा परवाना. तो नसला तर बाकीच्या शिक्क्यांचा उपयोग शून्य. दर वेळी नवा अर्ज, दर वेळी चार प्रती. मार्तंड आधी मंगळवारी यायचा, मग मंगळवारी-शुक्रवारी, मग कामावरून सुटला की रोज संध्याकाळी सहाला. महिनाभरात 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. नेमकं कधी आलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तिसऱ्यांदा परत आला अर्ज," तिने एकदा विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण परत आला की इथे यावं लागतं..."

"फार बोलतोस. बाजूला हो, उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. उजेड मुळात अडतच नव्हता.

मार्तंडची आई, माणिकबाई, परवान्यांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या, पंचांगावर होत्या. जोशीबुवांनी माघातली पंचमी काढून दिली, फेब्रुवारीची सोळा तारीख. त्यानंतर बरेच दिवस मुहूर्त नाही. परवान्याचा तर पत्ता नव्हता. मग माणिकबाईंनी आपल्याकडची जुनी वाट धरली, प्रस्थान ठेवायचं. मुहूर्तावर माणसाचा एक कपडा, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरायचं. मग तो मागाहून केव्हा का जाईना.

मार्तंड गाठोडं घेऊन थेट पाच रस्त्याला आला.

"शेजारीपाजारी कोणी नव्हतं का रे?" अण्णांनी विचारलं.

"होते. पण सगळे आमच्याच वाडीतले. आई म्हणाली, लांबचं घर बघ."

अण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि "ठेव बाबा" म्हणाले. उत्तराने ते स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवलं. त्या दिवसापासून माणिकबाई मुलाला पाहुण्यासारखं वाढू लागल्या. प्रस्थानाची मुदत दहा दिवसांची. ती संपली की त्या स्वतः येऊन सुपारी बदलायच्या आणि जाताना उत्तराकडे जरा निरखून पाहायच्या. इथे मुदतवाढ एका सुपारीवर मिळत होती.

आणि याच दिवसांत ती चूक झाली. वाळवंटाच्या परवान्याच्या अर्जात एक रकाना होता — राहत्या घरून निघाल्याची तारीख. उत्तराने क्षणभरही विचार न करता सोळा फेब्रुवारी टाइप केली. गाठोडं तिच्याच घरात होतं, मग दुसरी कुठली तारीख घालणार? मार्तंडने वाचून सही केली. अण्णांनी तपासून मान डोलावली. माणिकबाईंना ऐकून बरंच वाटलं. चौघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

परवाना आला पाच एप्रिलला. मुदत साठ दिवस, घरून निघाल्यापासून. म्हणजे सोळा एप्रिलला संपणार, आणि जीपला वाळवंटाच्या तोंडाशी पोचायलाच पंधरा दिवस लागणार. नवा परवाना उन्हाळा सरल्याशिवाय नाही. जर्मनीची जागा तोवर थांबणार नव्हती. बोटीने जावं तर तिकिटाचे पैसे जीपमध्येच गेले होते.

"वकिलातीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, साहेब, तुम्ही दीड महिन्यापूर्वीच निघालात, अजून इथे कसे?" मार्तंड स्टुलावर बसत म्हणाला. आज तो हसला नाही.

उत्तराचे हात मशीनवरच राहिले. "मी घातली ती तारीख."

"मी सही केली."

"वाट लागली ना रे तुझी माझ्यामुळे..."

 खरं सांगायचं तर त्या क्षणी उत्तराच्या मनात एक गोष्ट चमकून गेली — तो आता जाणार नाही. आणि तिला आनंद झाला. मग त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिने तिथल्या तिथे नवा कागद मशीनला लावला. प्रस्थान म्हणजे काय, हे तिने साहेबाच्या इंग्रजीत दीड पान लिहिलं. खाली लिहिलं की सदर गृहस्थ निघाले आहेत, परंतु गेलेले नाहीत, आणि तारीख दुरुस्त झाल्यास दहा एप्रिलला निश्चित जातील. ज्यांच्या घरी प्रस्थान आहे त्यांच्या वतीने सही — उत्तरा परचुरे.

दुसऱ्या दिवशी तिघं जीपने फोर्टात निघाले. पुढे ती दोघं, मागे मांडीवर फाइल घेऊन अण्णा. घाटकोपर मागे पडलं. वाऱ्याने तिचा पदर सारखा त्याच्या हातावर यायचा आणि ती सारखी तो ओढून घ्यायची.

वकिलातीतले अधिकारी वयस्कर होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. बोलणं इंग्रजीतच झालं, पण आपण आपल्या भाषेत सांगू.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तुमच्या रीतीप्रमाणे हा माणूस गेला. तुम्ही म्हणता, गेला नाही. शपथेवर सांगाल?"

"सांगेन."

"तुम्हाला कसं ठाऊक? मध्ये जाऊन आला असेल."

उत्तराने एकदा अण्णांकडे पाहिलं. अण्णा भिंतीवरचा नकाशा फार लक्ष देऊन वाचत होते.

"गेला असता तर मला कळलं असतं," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी सहाला मी त्याची वाट बघते. सोळा फेब्रुवारीपासून एकही दिवस चुकला नाही. त्याच्या आधीही नाही."

 मार्तंडचे कान लाल झाले होते. अधिकाऱ्यांनी तारीख खोडली, शेजारी दहा एप्रिल लिहिली आणि शिक्का मारला.

बाहेर पडल्यावर अण्णा म्हणाले, "मी समोर चहा घेतो. मला चहा सावकाश लागतो." आणि फाइल घेऊन रस्ता ओलांडून गेले.

"ते खरं होतं की... परवान्यापुरतं?" मार्तंडने विचारलं.

"शपथेवर खोटं बोलत नाही मी."

"मग मी नाही जात."

"वेडा आहेस का? दहाला जाणार असं लिहून दिलंय मी. खाली माझी सही आहे."

"उत्तरा, दोन वर्षं गं..."

"माहीत आहे. फॉर्म मीच भरलेत सगळे." तिने पदर ओढून घेतला. "तू जायला नकोस असंच वाटतं मला. अजिबात जायला नकोस. पण माझ्या चुकीने राहिलास तर उद्या तुझ्याकडे बघणार कशी मी? जा, वाळवंट बघ, शीक. मी थांबेन."

"दोन वर्षांत नाही जमलं तर? मुदतवाढ मिळते?"

"अर्ज करावा लागेल. चार प्रतींत."

त्याने रस्त्यावरच, भर दुपारी, तिचा हात हातात घेतला. शाईने निळी झालेली बोटं आणि ऑइलने काळी झालेली. अण्णांनी त्या दिवशी तीन कप चहा घेतला.

दहा एप्रिलला सकाळी माणिकबाईंनी उत्तराच्या दारातच मुलाच्या हातावर दही घातलं. मग त्या जवळ आल्या आणि उत्तराच्याही हातावर घातलं. का, ते बोलल्या नाहीत. जीप पहिल्याच झटक्याला चालू झाली. कोपऱ्यावर मार्तंडने वळून पाहिलं, हात केला आणि तो गेला.

दिवसभर उत्तराने काम केलं, आणि एकही चूक केली नाही. संध्याकाळचे सहा वाजले. दाराकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी तिने पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आज कोणी विचारलं असतं तर तिला शपथेवर सांगता आलं असतं, तो गेला म्हणून.