भूल उतरताना

रुग्णालयात तिला सगळे भूलवाल्या मॅडम म्हणायचे. सर्जन पोट उघडायचे, शिवायचे, नातेवाईक त्यांचे आभार मानायचे. भूल देणारीचं पेशंटला आठवायचं ते एवढंच, मास्कच्या वरचे दोन डोळे आणि कानाशी आलेला आवाज. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. काम तिला मनापासून आवडायचं, आणि त्यातला एक क्षण तर फारच. बोलता बोलता माणूस मध्येच तुटतो. छाती वरखाली होत असते, यंत्रातून ठोक्यांचा टुक टुक आवाज येत असतो, आणि तो स्वतः मात्र कुठेच नसतो. मग जातो कुठे? इतकी वर्षं झाली तरी हा किडा तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

घरी या किड्याला खतपाणी घालणारा माणूस होता. तिचे सासरे, अप्पा. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, पण शिकवण्याची खोड काही निवृत्त झाली नव्हती. संध्याकाळी ती दमून घरी आली की चहाचा कप हातात यायच्या आत प्रश्न यायचा. विश्वाच्या आधी काय होतं? काळ थांबला तर थांबला हे कळेल कोणाला? देव असलाच तर त्याला कशाचं कुतूहल वाटत असेल? नवरा पुलांचे आराखडे काढायचा. तो हसून कागदात डोकं घालायचा. सासूबाई होत्या तोवर त्या श्रद्धेची बाजू लढवायच्या आणि अप्पांना हरवायच्याही. त्या गेल्यावर ती जागा आपसूक सुनेकडे आली. भूल दिलेला माणूस कुठे जातो यावर अप्पांचं मत ठाम होतं. कुठे जात नाही, दिवा मालवला की ज्योत कुठे जात नाही तसंच.

त्या दिवशी सकाळी साधीच ऑपरेशनं होती. पहिला पेशंट रंगारी. परांचीवरून पडून त्याचा खांदा मोडला होता. काम नीट झालं, त्याला रिकव्हरीच्या खोलीत आणलं. भूल उतरताना माणसं काहीबाही बरळतात. कोणी आईला हाक मारतं, कोणी गाणं म्हणतं. रंगारी डोळे मिटूनच स्पष्ट आवाजात म्हणाला, "भिंत आहे, पण तिला दार नाही." बिचारा स्वप्नातही भिंतीच रंगवतोय, असं म्हणून मोठ्या सिस्टर हसल्या. ती पण हसली.

दुसरी पेशंट एक शिवणकाम करणारी बाई. रंगाऱ्याला तिने पाहिलंही नव्हतं. तिचा ग्लानीतला पहिला शब्द ऐकायला दोघी सहज वाकल्या.

"दार नाही," ती बाई म्हणाली, "पण तुमची माणसं येतात ना."

या वेळी कोणी हसलं नाही. खोलीत स्पिरिटचा वास होता आणि सलाइनचे थेंब पडत होते. मोठ्या सिस्टरांनी चादर उगाचच पुन्हा नीट केली. शुद्धीवर आल्यावर त्या बाईला काहीही आठवत नव्हतं.

संध्याकाळी तिने अप्पांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. सुरुवातीला त्यांनी तिची उलटतपासणी घेतली. दोघं एकमेकांना भेटले होते का, सिस्टरांनी काही सुचवलं होतं का, हा निव्वळ योगायोग कशावरून नाही. सगळ्याला तिचं उत्तर होतं. मग ते खोलीत फेऱ्या मारायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज तिने सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रश्न आपण विचारायचा आणि उत्तर येतं का बघायचं. पेशंटला त्याने काही इजा होत नाही. झोपताना कानाशी एक वाक्य, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या एका कारकुनाचे डोळे मिटत असताना ती त्याच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही कुठे आहात?"

कारकून शुद्धीवर आला तो पाणी मागत. तिचा चेहरा पडला. पण त्याच्यानंतरची पोहण्याच्या स्पर्धांत उतरणारी मुलगी ग्लानीतून वर येताना म्हणाली, "इथेच. अगदी जवळ."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती भीती होती की आनंद, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. हसू मात्र आवरत नव्हतं. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. जो प्रश्न घेऊन जातो तो उत्तर आणत नाही. उत्तर त्याच्या मागचा आणतो.

त्यानंतरचे दिवस तिला आणि अप्पांना कसे गेले ते कळलंच नाही. जेवताना, भांडी पुसताना, दारात चपला घालताना एकच विषय. उद्या काय विचारायचं? तुम्ही किती जण आहात, असं तिने एकदा विचारलं; उत्तर आलं, इथे मोजायला कोणी वेगळं नसतं. तुम्ही मेलेले आहात का, असं विचारलं तर उत्तर आलं की हा शब्द तुमच्या माणसांबरोबर नेहमी येतो, त्याचा अर्थ मात्र येत नाही. अप्पा त्या वाक्यावर दोन घास जास्त जेवले. देवाबद्दल विचार, असं त्यांनी सुचवलं, पण मग स्वतःच नको म्हणाले. उत्तर सासूबाईंच्या बाजूने आलं असतं तर पंचाईत होती.

मग तिने विचारलं, तिथे उजेड आहे का? त्यावर एका म्हाताऱ्या माळ्याच्या तोंडून उत्तराऐवजी प्रश्न आला. उजेड म्हणजे काय?

त्या संध्याकाळी अप्पांचा शिक्षक पुरता जागा झाला. ते लाटांवर बोलले, कणांवर बोलले, वेगावर बोलले. ती म्हणाली, एवढं कानात सांगेपर्यंत पेशंट पार झोपलेला असेल. शेवटी बरीच काटछाट करून दोघांनी एक वाक्य ठरवलं, आणि सकाळी ते तिने एका बस ड्रायव्हरच्या कानात सोडलं. ज्याच्यामुळे समोरचा दिसतो, तो उजेड.

पुढची पेशंट शाळेतली शिक्षिका होती. तिला रिकव्हरीत आणलं. मग तिने डोळे उघडले. बाकी सगळे मिटल्या डोळ्यांनी बोलले होते. तिने आधी सिस्टरांकडे पाहिलं, मग हिच्याकडे, एकेकीकडे सावकाश, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली,

"हं... आता दिसलात."

मोठ्या सिस्टरांनी त्याच दुपारी दुसऱ्या वॉर्डात बदली मागून घेतली.

त्या दिवसापासून तिने कानात बोलणं बंद केलं. अप्पांना मात्र दम निघत नव्हता. इतक्या जवळ येऊन मागे फिरणं म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान न वाचता ते मिटण्यासारखं आहे, असा त्यांचा धोशा सुरू झाला. ती ऐकत नाही म्हटल्यावर ते गप्प बसले, आणि एक दिवस स्वतःहून म्हणाले की आपला हर्निया फार त्रास देतोय. त्या हर्नियासाठी घरचे कित्येक वर्षं त्यांच्या मागे लागले होते. तेव्हा त्यांनी कोणाला दाद दिली नव्हती. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तिच्या मात्र सारं लक्षात आलं.

तिने अप्पांना एकटं गाठून सांगितलं की कंबरेखाली बधिर करून हे ऑपरेशन होतं, पूर्ण भूल लागत नाही. ते हसले. सर्जनशी बोलून आपण पूर्ण भूल ठरवून घेतली आहे, म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला.

"सूनबाई, ती जाताना मला म्हणाली होती, तुम्ही येऊन बघा म्हणजे कळेल. फक्त डोकावून येतो."

सासूबाईंचा विषय निघाल्यावर तिला नाही म्हणवेना.

घरच्या माणसाला भूल आपण देऊ नये, म्हणून तिने सहकाऱ्याला बोलावलं आणि स्वतः अप्पांचा हात धरून उभी राहिली. ते अगदी खुशीत होते. सहलीला निघालेल्या मुलासारखे. तू काही विचारू नकोस, मीच विचारीन, असं त्यांनी तिला बजावलं. आणि वाक्याच्या मध्येच तुटले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. रिकव्हरीत त्यांनी डोळे उघडले तेव्हा ती शेजारी होती. अप्पा छतावरच्या ट्यूबलाइटकडे पाहत होते. पापणीसुद्धा लवत नव्हती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कसं वाटतंय, तिने विचारलं.

"हा... उजेड ना?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात त्यापेक्षा खूप आहे."

सून घरात आल्यापासून त्यांनी तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. ग्लानीत आहेत, असं तिने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात पुढच्या पेशंटची खाट आत आली. मनगट मोडलेला एक सुतार होता, आडदांड, मिशाळ. त्याची भूल उतरायला लागली तशी तिने नको नको म्हणत कान दिला.

सुताराचे ओठ हलले. आवाज त्याचाच होता. बोलणं मात्र त्याचं नव्हतं.

"सूनबाई, इतक्यात उठवू नकोस मला. आत्ता कुठे विषय रंगलाय..."

तिने मान वळवली. पलीकडच्या खाटेवरचे अप्पा कोपरावर रेलून सुताराच्या ओठांकडे टक लावून बघत होते. रागाने नाही, भीतीनेही नाही. फुलपाखराकडे बघावं तसं.

"काय म्हणतात ते?" त्यांनी विचारलं.

नंतर तिने सगळे उपाय करून पाहिले. रोज, प्रत्येक पेशंटच्या कानात ती एकच सांगायची, अप्पा, परत या. सुरुवातीला उत्तरं यायची. आलोच, असं एका गर्भवतीच्या तोंडून आलं. एवढं एक झालं की येतो, असं एका मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडून. जेवायला हाक मारली की अप्पा पुस्तकातून मान न काढता हेच म्हणायचे. मग उत्तरं लांबत गेली, आणि एके दिवशी थांबली. पेशंट पूर्वीसारखे पाणी मागत उठायला लागले. नवऱ्याला सांगावं असं तिला अनेकदा वाटलं. पण सांगणार काय? वडील घरात बसलेले आहेत, तब्येत उत्तम, आणि इतके आनंदी तर ते कधीच नव्हते.

ते खरंच आनंदी होते. दिवसभर खिडकीत बसायचे. पाण्याचा पेला उन्हात धरून भिंतीवरचे रंग बघायचे. अन्नाचा प्रत्येक घास थांबून थांबून खायचे. शेजारी म्हणायचे, अप्पांचं वय दहा वर्षांनी उतरलं. आणि संध्याकाळी ती आली की प्रश्न असायचेच. सावली आपल्याला ओळखते का? काल संपला तो कुठे ठेवतात? दुःख होतं तेव्हा ते नेमकं कुठल्या जागी होतं? हे कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं. तरी त्या प्रश्नांनी तिचं मन उसळी मारायचं, आणि घरी येताना तिची पावलं भराभर पडायची. त्याची तिला मनातून लाज वाटायची.

एका संध्याकाळी तिने दिवा लावला आणि समोर बसून सरळ विचारलं, "तुम्ही कोण आहात?"

त्यांनी विचार केला. "ते मी शोधतोच आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कळलंय का, तुम्ही कोण ते?"

तिने नजर दिव्याकडे वळवली. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही सगळे रोज झोपता. तेव्हा जागा राखायला कोणाला ठेवता?"

"कोणालाच नाही."

"रोज? तशीच मोकळी?"

ती हो म्हणाली. त्यांनी मान डोलावली, समाधानाने, आणि आणखी काही विचारलं नाही. रात्री ती लवकर झोपली. गाढ झोप लागली. स्वप्नसुद्धा पडलं नाही.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा अप्पा तिथे आधीच बसले होते. टेबलावर दोन कप होते, दोन्ही अर्धे प्यालेले, गार झालेले. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला, जिवाभावाचं माणूस भेटावं तसा.

"काल काय सुंदर बोललीस तू," ते म्हणाले. "पहाटेपर्यंत."

कशाबद्दल, असं तिला विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. घसा पार बसला होता, रात्रभर बोललेल्या माणसाचा बसतो तसा.