डावखुऱ्याचा मामा

अंगणवाडीच्या ओसरीवर बायांच्या घोळक्यात एकच पुरुष मांडी घालून बसला होता, आणि नेमकं त्याच्याच मांडीवरचं बाळ रक्षाच्या चष्म्यावर झेपावलं. चष्मा डाव्या मुठीत आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू!

"अरे बाप्पा! सोड रे... मॅडमले दिसत नसन आता," तो घाईघाईनं म्हणाला.

"थोडं थोडं दिसतंय," रक्षा हसली. धूसर का होईना, त्याच्या गालावरची खळी तिला दिसलीच होती. "बाळाचे बाबा ना तुम्ही?"

"नाई नाई! मामा हाव मी." तो कानापर्यंत लाल झाला. "माझं लगन... म्हंजे, अजून झालं नाई."

"ते मी विचारलं नव्हतं," रक्षा म्हणाली, आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून खुदखुदल्या.

रक्षा थूल सेवाग्रामची. फिजिओथेरपीचं शिक्षण झाल्यावर तिला कारंजा तालुक्यातल्या गावांत काम मिळालं होतं. तान्ही बाळं वेळेवर मान धरतात का, पालथी पडतात का, आवाजाकडे वळून बघतात का, हे पाहायचं. मोठी यंत्रं कुठली असणार? एक सतरंजी, एक खुळखुळा, लाल लोकरीचा गोळा आणि चार लाकडी ठोकळे, एवढाच तिचा दवाखाना.

मामाचं नाव श्रावण उईके. हायवेवर त्याचा छोटासा ढाबा होता. बाळंतपणाला आलेली त्याची बहीण काजल अजून माहेरीच होती, नवरा नागपूरला कामाला. आज तिला ताप भरला होता, म्हणून सात महिन्यांच्या रोशनला घेऊन मामाच आला होता.

रक्षानं चष्मा सोडवून डोळ्यांवर चढवला आणि बाळाच्या उजव्या बाजूला ठोकळा ठेवला. रोशन अख्खा वळला, डावा हात इकडे आणला आणि ठोकळा पटकावला. पुन्हा ठेवला... पुन्हा डावाच.

"पाह्यलं?" श्रावण कौतुकानं म्हणाला. "डावखुरा हाय आमचा! चांगला बॅट्समन होते, पाह्यजा."

रक्षा हसली नाही. तिनं बाळाचा डावा हात अलगद धरून ठेवला. रोशन चुळबुळला, चिडला, रडायला लागला. उजवा हात मात्र अंगाशीच राहिला, अंगठा आत घेऊन मूठ घट्ट मिटलेली.

"हे बघा," ती हळूच म्हणाली, "इतक्या लवकर कुणी डावखुरं ठरत नसतं. या वयात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत. याचा उजवा मागे पडतोय... डॉक्टरांना दाखवून घ्या."

श्रावणचा चेहरा उतरला, मग तापला. "घटकाभर पाह्यलं अन् लेकरात खोट काढली? काई झालं नाई त्याले!"

तो बाळाला घेऊन उठला, तसा रोशननं पुन्हा तिचा चष्मा ओढला. श्रावण दोन पावलं गेला, परत आला. बाळाच्या मुठीतून चष्मा सोडवला, आपल्या शर्टाच्या टोकानं नीट पुसला आणि तिच्या हातात दिला. मग बाळाला खांद्यावर टाकून निघून गेला.

असं सांगितल्यावर माणसं चिडतात, हे रक्षाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी परतताना जीपमध्ये तिला सारखा तो पुसलेला चष्माच आठवत राहिला.

त्याच आठवड्यात रक्षा अहवाल द्यायला सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली, तर तो तिथं दिसला. खांद्यावर रोशन, मागे काजल.

"काजलनं लय झापलं मले," तो खाली बघत म्हणाला. "म्हने, मलेही दिसत होतं, पन बोलाची हिंमत नोती... माफ करा, मॅडम."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जन्माच्या सुमारास मेंदूला थोडी इजा झाली होती. त्यामुळे उजवी बाजू कमजोर राहिली होती. औषधानं जाणारं हे दुखणं नव्हतं. पण एवढ्याशा बाळाचा मेंदू फार भराभर शिकतो. आतापासून मेहनत घेतली तर हात पुष्कळ कामाला येईल. काजल पदरात तोंड लपवून रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "काय कराचं, ते शिकवा."

रक्षानं शिकवलं. खेळताना थोडा वेळ डाव्या हातावर मऊ मोजा चढवायचा, म्हणजे उजव्याला पुढे यावंच लागतं.

दर आठवड्याला ती उईकेंच्या घरी येऊ लागली. घर ढाब्याच्या मागेच, त्यामुळे चहा ठरलेला. एकदा मात्र ती न सांगता भरदुपारी आली, आणि दारातच थबकली. श्रावणच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत राखाडी मोजा चढवलेला, आणि डाव्या हातानं तो पोळ्या लाटत होता. एकेका पोळीला पाच-पाच कोपरे!

"हे काय चाललंय?"

तो दचकला. "काई नाई... पाहून राह्यलो, त्याले किती राग येत असन ते."

"मग? किती येतो?"

"लय. काल तर लाटनं फेकून देल्लं." तो ओशाळून हसला. "तरी लेकरू माझ्यापेक्षा शहाणं हाय."

रक्षाला त्याची चेष्टा करायची होती, ती राहूनच गेली. तिनं त्यातलीच एक वेडीवाकडी पोळी उचलली आणि उभ्या-उभ्याच, कोरडीच खाऊन टाकली.

पळस फुलले तेव्हा रोशनचा उजवा हात पुढे आला. काजलनं संत्र्याची फोड समोर धरली होती. बोटं थरथरली, हळूहळू उघडली, आणि फोड त्यांनी चिरडूनच टाकली! रस कोपरापर्यंत ओघळला. काजल हसता-हसता रडत होती. अजून पुष्कळ मजल बाकी होती, पण हात जागा झाला होता.

त्याच संध्याकाळी बसची वाट पाहत रक्षा ढाब्यावर बसली होती.

"पुढच्या महिन्यापासून मला जामकडची गावं दिलीत," ती म्हणाली. "इथं दुसरी मॅडम येईल. रोशनचं सगळं तिला समजावून सांगितलंय."

"रोशनचं झालं..." श्रावण खाटेच्या दोरीशी चाळा करत राहिला. "रक्षा मॅडम..."

"मॅडम कशाला?"

"मंग काय म्हनू?"

"म्हणून तर बघा."

"रक्षा—" तो अडखळला. "मले बोलाले उशीर होते. आई सांगते, तीन वर्साचा झालो तरी तोंडातून शब्द नोता."

"अगंबाई! आणि कुणी तपासलं नाही?"

"तवा तू कुठं होती?"

'तू' म्हटल्याचं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. श्रावणनं जीभ चावली. हायवेवर बस येऊन थांबली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला... आणि बस निघून गेली. रक्षा जागची हलली नव्हती.

"तुझी बस—"

"जाऊ दे. रविवारी घरी ये. बाबांना भेटायला."

"काय सांगू त्याईले?"

"जे मला अजून सांगितलं नाहीस, ते."

तेवढ्यात एक ट्रक धडधडत गेला. त्याच्यावर आवाज चढवून श्रावण ओरडला, "तू मले लय आवडते, रक्षा!" तोवर ट्रक पुढे गेला होता, आणि ते वाक्य अख्ख्या ढाब्याला ऐकू गेलं. पलीकडच्या खाटेवर जेवणाऱ्या ड्रायव्हरचा घास हातातच राहिला. घरातून काजलचं हसू फुटलं.

"अब जवाब भी दे दो, मैडम," ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाला.

रक्षानं चष्मा सावरला, श्रावणकडे सरळ पाहिलं आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "मलेही!"