अधूनमधून वापरायची नळी

नागपूरच्या राज्य अर्थमापन केंद्राच्या प्रयोगशाळेत सकाळी साडेअकरा वाजता तीन माणसं एका नळीकडे बघत बसली होती. नळी वीतभर लांब, पारदर्शक आणि निरुपद्रवी होती. शेजारी आरोग्यछत्र योजनेची छापील चिठ्ठी होती : 'एक नग मंजूर. पुढील नग २११ दिवसांनी.'

"मले दिवसाले पाच लागतात," पुष्पलता गजभिये म्हणाली. "हे एकच आली. जसं काही मुलगी दाखवाले आणली."

पुष्पलता बावीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करत होती. चार वर्षांपूर्वी घोषणा-कक्षाच्या जिन्यावरून ती पडली, मणका मोडला आणि कमरेखाली निरोप पोचणं बंद झालं. मूत्राशय भरलं हे तिला कळत नसे आणि ते आपणहून रिकामंही होत नसे. दर पाच तासांनी नवी नळी घालून तिला ते रिकामं करावं लागे. दोन महिन्यांपूर्वी नव्या यंत्राने योजनेचा ताबा घेतला आणि नळ्या थांबल्या. तेव्हापासून ती ही एकच नळी उकळून उकळून वापरत होती.

"दोनदा ताप येऊन गेलाय," तिच्यासोबत आलेले मणकाविकार विभागाचे डॉ. अश्फाक देशमुख म्हणाले. गेल्या आठवड्यात त्यांनी एकूण अकरा विनंतीअर्ज भरले होते आणि ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. "डावी किडनी कामातून गेल्यात जमा आहे. पुढच्या जंतुसंसर्गात उजवीही जाईल. मी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय, दिवसातून पाच वेळा."

"तीच अडचण आहे," केंद्राच्या शास्त्रज्ञ इरावती पाध्ये म्हणाल्या. "मान्य यादीत या वस्तूचं नाव आहे 'अधूनमधून वापरायची मूत्रनलिका'. तुमची चिठ्ठी यादीशी विसंगत ठरली."

"कायम आत ठेवायची नळी वेगळी असते म्हणून हिला अधूनमधूनची म्हणतात! आणि अधूनमधून म्हणजे दोनशे अकरा दिवस, हे कोणी ठरवलं?"

"लोकांनी."

इरावतीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे त्या दिवसातून बऱ्याचदा समजावत असाव्यात.

"सरकारी नियमांत 'यथावकाश', 'वेळोवेळी' असे शब्द असतात. पूर्वी प्रत्येक अधिकारी सोयीचा अर्थ लावायचा. म्हणून कायदा झाला : अर्थ माणसाने लावायचा नाही, अर्थमापकाने मोजायचा. हे यंत्र शब्दकोश वाचत नाही. सरकारी मदतवाहिन्यांवर, संमती घेऊन, लोकांचं बोलणं ऐकतं आणि तो शब्द बोलून झाल्यावर प्रत्यक्षात काय घडतं ते तपासतं. शब्द आणि कृती अशी जोडी जमली की एक नोंद. दर तिमाहीला सगळ्या नोंदींवरून नवा अर्थ लागू होतो."

"आणि अधूनमधूनची कृती कुठली सापडली?"

"राज्यात हा शब्द सर्वांत जास्त 'अधूनमधून येत जा' या वाक्यात वापरला जातो. पाहुणे सरासरी दोनशे अकरा दिवसांनी येतात."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचा २११ हा आकडा पुन्हा वाचला.

"'पाचच मिनिटं' म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत," इरावतीबाईंनी माहितीसाठी सांगितलं. "'निघालोच' म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे."

"पण संडासचं सामान बरोबर येते ना मॅडम," पुष्पलता म्हणाली. "पोट धुवायचा संच, हातमोजे, सगळं. लघवीनंच काय घोडं मारलं सरकारचं?"

"त्या संचावर 'एक दिवसाआड' लिहिलंय. त्याचा दुसरा अर्थ लोकांना अजून जमलेला नाही."

"यादीतलं नाव बदला मग," डॉक्टर म्हणाले.

"यादीची समिती बरखास्त झाली. यंत्र असताना समिती कशाला, असं समितीचंच मत पडलं. आता अर्थ फक्त बोलणारेच बदलू शकतात."

पुष्पलताने चाकाची खुर्ची जरा पुढे घेतली. "म्हणजे पाहुणा दोनशे अकरा दिवसांत एक नोंद देते. अन् मी नळी लावून दर वेळेला मदतवाहिनीवर 'अधूनमधून' म्हटलं, तर दिवसाच्या पाच?"

इरावतीबाईंनी चष्मा पुन्हा लावला. "हो."

"डॉक्टरसाहेब, आमच्यासारखे नळीवाले राज्यात किती?"

"एक्केचाळीस हजार."

"मग झालं. पाहुण्यांले हरवू."

तिमाही संपायला सव्वीस दिवस होते. पुष्पलताने ही युक्ती सांगणारी एक ध्वनिफीत करून सगळ्या नळीवाल्यांना पाठवली. ज्यांच्याकडे एकच नळी होती, ते तीच उकळून दिवसातून पाच वेळा मूत्राशय रिकामं करत आणि मदतवाहिनीला फोन करत. पुष्पलता स्टँडच्या आवाजातच बोले : "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अधूनमधून सुटणारी गाडी आत्ताच फलाटावरून सुटली आहे." विसाव्या दिवशी तिला पुन्हा हुडहुडी भरली. डॉक्टरांनी दवाखान्यात भरती केलं, सलाइन लावलं, स्वतःच्या पैशाने नळ्या आणल्या. तिथूनही तिने एक फोन चुकवला नाही. इतक्या नोंदींपुढे पाहुणे टिकण्यासारखे नव्हतेच.

नव्या तिमाहीच्या पहिल्या सकाळी दाराशी दीडशे नळ्यांचा खोका आला. सोबत चिठ्ठी : 'अधूनमधून : दर पाच तासांनी.' उजवी किडनी वाचली. पुष्पलताने खोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

दुपारी वीज गेली. वीज महामंडळाने कळवलं होतं की पुरवठा अधूनमधून खंडित होईल. अन्न-निरीक्षक एकाच उपाहारगृहात दुसऱ्यांदा शिरताना दिसले. नियमांत 'अधूनमधून' हा शब्द सहा हजार चारशे ठिकाणी होता. त्यातला एक आरोग्यछत्र योजनेच्या कलम नऊमध्ये होता : 'लाभार्थी हयात असल्याची खात्री अधूनमधून करण्यात येईल.'

पहिला फोन दोन वाजता आला. "नमस्कार. आपण हयात आहात का?" यंत्राचा आवाज फार अदबशीर होता.

"हो ना."

सात वाजता पुन्हा. मग मध्यरात्री. मग पहाटे पाचला. असे दिवसाला पाच, महिन्याला दीडशे. एक्केचाळीस हजार माणसं आधीच थकलेली होती. पहिल्या आठवड्यात ती "हो, आहे" म्हणाली. दुसऱ्यापासून म्हणू लागली ते पुष्पलताच्या तोंडी असं होतं : "मेली ना बाप्पा मी तुमच्या फोनांनी!"

पुढची तिमाही लागली तेव्हा खोका आला नाही. उरलेल्या नळ्या बारा. पुष्पलताने डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टरांनी इरावतीबाईंना जोडून घेतलं.

"नळीचा अर्थ कायम आहे, काळजी नको," इरावतीबाई म्हणाल्या. "भानगड दुसऱ्या शब्दाची आहे. 'मेलो', 'मेले' असं म्हणणारा माणूस पाच तासांनी हमखास फोन उचलतो. कोट्यवधी नोंदी आहेत. यंत्राने अर्थ बदललाय."

"काय केलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेलेला म्हणजे जिवंत. आता हयातीचा तोच एक ग्राह्य पुरावा आहे. गजभियेताई, सकाळी तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"म्हटलं, सकाळी-सकाळी अभद्र कशाले बोला. 'जिवंत आहे' म्हटलं."

"तिथेच खोका अडला."

त्यांचं बोलणं चालू असतानाच दुसरी लाइन वाजली. पुष्पलताने तीही जोडून घेतली. डॉक्टर आणि इरावतीबाई ऐकत राहिले.

"नमस्कार. आपल्या हयातीचा पुरावा मिळालेला नाही. आपण मेला आहात का?"

पुष्पलताने घसा साफ केला. बावीस वर्षांत एकही गाडी तिने चुकीच्या फलाटावर लावली नव्हती.

"हो," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "कधीचीच मेली."

"अभिनंदन. खोका रवाना होत आहे."