दस्त्याचं माप

सप्टेंबर लागला की ग्लोमा नदीकाठच्या माणसांना दुसरं काही सुचत नाही. बटाटे काढायचे राहतील, छप्पर गळकं राहील, पण मूसच्या, त्या सांबरासारख्या धिप्पाड जनावराच्या, शिकारीची तयारी राहायची नाही. त्या दिवसांत हाल्वरच्या सुतारखान्यात पाय ठेवायला जागा नसे.

युद्ध संपलं, जर्मन गेले आणि त्यांच्या रायफली मागे राहिल्या. पुढे इथल्या लष्करानं त्या विकायला काढल्या. ज्यांनी पाच वर्षं त्या आपल्या छातीवर रोखलेल्या पाहिल्या होत्या, त्यांनीच त्या घेऊन मूसवर रोखल्या. लोखंडाला काय कळतंय, असं म्हणायचे. तरी नळीमागचा गरुडाचा शिक्का कानशीनं घासल्याशिवाय तसली रायफल कुणी रानात नेत नसे. तो शिक्का घासायचा, जड लष्करी लाकूड उतरवायचं आणि शिकाऱ्याच्या अंगाला बसेल असा बर्चच्या लाकडाचा नवा दस्ता चढवायचा, हे हाल्वरचं काम. त्याच्या मापात पाप नाही, असं सगळं खोरं म्हणे.

त्या वर्षी ब्यार्ने आपली रायफल घेऊन आला. ब्यार्ने लाकूडतोड्यांच्या टोळीचा मुकादम, हाल्वरचा लहानपणापासूनचा दोस्त.

"बाई जरा लठ्ठ आहे, बारीक करून दे," रायफल टेबलावर ठेवत तो म्हणाला.

"आधी तू हो बारीक. हात पुढे कर, माप घेऊ दे."

"ट्रक उभाय बाहेर. शिकारीच्या तोंडावरच रानातून खाली येईन मी आता. तू स्वतःवरच बसव की. आपण दोघं एका ओंडक्यातून कापलेले, लेका. चर्चमधल्या दीक्षेला तुझाच कोट घातला होता मी, एक टाका न बदलता."

हाल्वर हो म्हणाला. दुसऱ्या कुणासाठी म्हणाला नसता. माप दुसऱ्याच्या अंगावर घ्यायचं नाही, हे त्याला बापानं शिकवलं होतं.

जुनं लाकूड उतरवताना त्याला एक गोष्ट खटकली. दस्त्याची उजवी बाजू गालाच्या घासणीनं गुळगुळीत झाली होती. डाव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचाच गाल तिथे येतो, आणि लष्करात डावखुऱ्यालाही उजवीकडेच लावायला लावतात. हाल्वरनं अंगठा फिरवून पाहिला. मग त्याला एगिल आठवला, कारण खोऱ्यात डाव्या खांद्यावरून नेम धरणारा तेवढा एकच होता.

एगिल त्याचा धाकटा भाऊ. बुटका, चपळ, सगळ्यांचा लाडका. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात कुणाचा तरी गुप्त निरोप पोचवायला तो बर्फावरून स्वीडनकडे निघाला, तो पोचलाही नाही आणि परतलाही नाही. मारितचं लग्न त्याच्याशी ठरलेलं होतं. तिनं वाट पाहिली, मग पाहायची सोडली आणि हाल्वरशी लग्न केलं. ती चांगली बायको होती. घरात कधी आवाज चढला नाही. पण आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलोय हे हाल्वरला जेवताना, झोपताना ठाऊक असे, आणि ती जागा कुणी परत मागेल या भीतीनं तो आतून पोखरला होता.

त्यानं जुनं लाकूड अडगळीत टाकलं आणि काम सुरू केलं. शिक्का घासला. नेम धरायची मागची लष्करी खाच काढली. वाळवलेल्या बर्चचा ठोकळा निवडून रंध्याखाली घेतला. रोज थोडं लाकूड काढायचं, दस्ता खांद्याला लावायचा, डोळे मिटायचे, उघडायचे, नेम आपोआप येतो का पाहायचं. इतकं सरळ काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. रंधा कुठे अडत नव्हता. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं की बोट नेमकं चापावर पडे. जवसाचं तेल चोळलं तशी लाकडावर पिवळसर लाट उठली.

एका सकाळी तो असाच नेम धरून उभा होता. मारित कॉफी घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. कप बशीवर किणकिणला.

"डावीकडे कधीपासून लावायला लागलास?"

हाल्वरनं पाहिलं. दस्ता डाव्या खांद्यात होता. गाल टेकायचा उंचवटा त्यानं उजव्या बाजूला कोरला होता, आणि कोरताना त्याला तो कळला नव्हता.

"माप बघत होतो," तो म्हणाला.

"असू दे. तसाच उभा राहा जरा."

ती पाहत राहिली. लग्न झाल्यापासून जी नजर तिच्या डोळ्यांत यावी म्हणून तो झुरला होता, ती आज तिथे होती. त्यानं रायफल खाली ठेवली आणि कॉफी तशीच गार होऊ दिली.

दुपारभर तो नवा उंचवटा घासून उडवायला बसला. पण कानस लाकडाला लावली की त्याचा हात थांबे. शेवटी त्यानं तो नाद सोडला.

शिकारीला थोडेच दिवस उरले असताना ब्यार्ने आला. रायफल हातात घेऊन त्यानं शीळ घातली. मग खांद्याला लावली आणि त्याचा चेहरा पडला.

"ही कुणासाठी केलीस?"

"तुझ्यासाठी. माझ्या मापानं."

"आखूड आहे रे. माझं नाक अंगठ्यावर आपटेल. आणि गालाचा उंचवटा भलत्याच बाजूला. तुला चढली होती की काय?"

"मला नेमकी बसते."

"दाखव."

हाल्वरनं दाखवली. चाप बोटाखाली आला, गाल टेकला, नेम आला. ब्यार्ने हसायला गेला आणि मध्येच थांबला.

"हात दे तुझा," तो म्हणाला.

दोघांनी कोपर जुळवून हात टेबलावर ठेवले. एका ओंडक्यातले दोन तुकडे. हाल्वरची बोटं ब्यार्नेच्या बोटांच्या तीन बोटं अलीकडे संपत होती.

"सरळ ठेव," ब्यार्ने म्हणाला.

"सरळच आहे."

त्यांनी पुन्हा जुळवून पाहिले. मग ब्यार्ने त्याला भिंतीला लागून उभं राहायला म्हणाला आणि स्वतः शेजारी उभा राहिला. हाल्वरचं डोकं त्याच्या कानापाशीच संपत होतं. ब्यार्नेनं टोपी उचलली.

"ही एगिलला बसली असती," तो हळूच म्हणाला.

"घेऊन जा ती."

"मी काय करू हिचं?"

"नदीत टाक. पण माझ्या घरात नको."

ब्यार्नेनं रायफल पोत्यात गुंडाळली. ती काखेत मारून तो ट्रककडे गेला. ट्रकचा आवाज वळणापलीकडे विरला, तेव्हा हाल्वरला जरा हायसं वाटलं. ब्याद गेली. जे काही होतं ते त्या लोखंडात होतं. आता मारितला सगळं सांगावं, एकदा तिच्या तोंडून आपलं नाव ऐकावं, म्हणून तो घरात गेला.

मारित खिडकीशी उजेडात शिवत बसली होती. मांडीवर त्याचा शिकारीचा नवा कोट होता, अजून एकदाही न घातलेला. ती बाही आत दुमडून टाके घालत होती.

"माझं माप घेतलं नाहीस तू," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे." तिनं मान वर केली नाही. ती गुणगुणत होती.

हाल्वरनं कपाट उघडलं. एक सदरा काढला. बाही आत दुमडून शिवलेली होती, बारीक, सुबक टाक्यांनी. दुसरा काढला. तोही तसाच. म्हणूनच बाही कधी लांब वाटली नव्हती. सदऱ्यांचा दोरा धुऊन धुऊन विटला होता. रायफल या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा तो दोरा होता.

सगळ्यात मागे लग्नातला कोट होता.

त्यानं बाही उलटी केली.

आतल्या बाजूनं सुईच्या भोकांच्या ओळी होत्या. एक ओळ उसवून तिच्या वर दुसरी घातलेली. दुसरी उसवून तिसरी.

"थंडी आत येतेय," मारित मागून मायेनं म्हणाली. "दार लावून घे ना."

तो तसाच उभा राहिला. शेवटच्या शिवणीच्या वर, अजून दोन बोटांवर, खडूची एक ताजी रेघ होती.